घरकाम : नव्या खोलीची भेग

काळ्या रानातल्या गावांत हे नेहमीचेच. जुने घर धड उभे, आणि शेजारी जोडलेली नवी खोली दोन उन्हाळ्यांत सुटून निघते. गवंड्याला बोल लावण्याआधी माती पाहा. ती पावसात फुगते, चैत्र-वैशाखात आकसून भेगाळते, अन् वरचेवर घातलेला पाया तिच्याबरोबर हलतो. भेग लगेच सिमेंटने लिंपू नका, पुन्हा उकलेल. तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहा. फुटली, तर पाया अजून हलतो आहे. तोवर न्हाणीचे पाणी आणि पागोळ्या पायापासून लांब काढा. भिंतीलगत तीन-चार फूट मुरूम ठोकून, वर फरशी, बाहेर उतार. खर्च बेताचा, आणि निम्मे काम घरच्या घरी होते. भेगेत बोट शिरत असेल, तर मात्र पोरांची अंथरुणे आजच जुन्या घरात हलवा आणि इंजिनियरला दाखवा.