नोटीस सर्वांसाठी, मैदान कोणासाठी?

जून उजाडला की पेण आणि रोह्याच्या महाविद्यालयांत प्रवेशाची गर्दी होते. ती ओसरते न ओसरते तोच जिमखान्याच्या फलकावर नोटिसा लागतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स आणि त्याच ओळीत बास्केटबॉल (पुरुष). इच्छुक विद्यार्थ्यांनी अमुक दिवशी सायंकाळी पाच वाजता मैदानावर उपस्थित राहावे. बस्स, एवढेच. या नोटिशीत जातीचा उल्लेख नसतो, धर्माचा नसतो, उत्पन्नाचाही नसतो. कायद्याच्या कसोटीवर ती शंभर टक्के उतरते. मग आम्ही अग्रलेखाची जागा तिच्यासाठी का खर्च करतो आहोत? कारण त्या नोटिशीतला 'इच्छुक' हा शब्द फसवा आहे. इच्छा सगळ्यांनाच असते. सायंकाळी पाच वाजता मैदानावर कोण पोहोचू शकतो, हा खरा प्रश्न आहे.

पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे. रोह्याला डॉ. सी. डी. देशमुख वाणिज्य व ताम्हाणे कला महाविद्यालय आहे. ही दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. अशा महाविद्यालयांत शिकणारा मुलगा हा काही मुंबईच्या चर्चगेट-माटुंग्याचा विद्यार्थी नव्हे. तो बौद्धवाड्यातून येतो, आदिवासी वाडीवरून येतो, आगरी-कोळ्यांच्या खारपट्टीतल्या गावातून येतो. एसटीने येतो, दिवा-रोहा गाडीने येतो. एका विशिष्ट महाविद्यालयाकडे बोट दाखवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ग्रामीण भागात हे चित्र सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच आहे.

आता वेळापत्रक पाहा. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम पहिल्या सत्रात सुरू होतो. म्हणजे संघाची बांधणी जून, जुलै, ऑगस्टमध्ये करायची. नेमके हेच महिने रायगडात धो धो पावसाचे. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. सिमेंटच्या उघड्या कोर्टावर शेवाळ धरते, पाय सरकतो, गुडघा फुटतो. आणि नेमके हेच महिने पोटाच्या कामाचे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाची घाई याच काळात चालते, आणि शिकणारी कितीतरी पोरे तिथे रोजावर जातात. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे पाळी करणारा मुलगा सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर कारखाना असे दिवस काढतो. ज्याच्या घरी शेती आहे त्याच्या घरी लावणी असते. या सगळ्यांनी पाच वाजता मैदानावर यायचे कसे? आणि आलेच, तर शेवटची एसटी चुकल्यावर वाडीवर परतायचे कसे?

कबड्डीची गोष्ट वेगळी. रायगड ही कबड्डीची भूमी. तो मातीचा खेळ, गावच्या मंडळाचा खेळ. रात्री जेवून बत्तीखाली सराव करता येतो, अनवाणी पायाने करता येतो. बास्केटबॉलला २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद पक्के कोर्ट लागते, १० फूट उंचीवर कडी लागते, बरा चेंडू लागतो आणि घोटा धरून ठेवणारे बूट लागतात. शिवाय हा पाच-पाच जणांचा खेळ आहे. २४ सेकंदांच्या आत चेंडू फेकायचा, तेवढ्यात पाच जणांनी एकमेकांच्या हालचाली ओळखायच्या. हे ओळखणे एकट्याने येत नाही. दहा जण जमल्याशिवाय सराव सामनाच होत नाही. संघातले चौघे कारखान्यात अडकले की उरलेल्यांचाही सराव बुडतो. म्हणजे गरीब पोराची अडचण ही त्याची एकट्याची राहत नाही, ती सबंध संघाची होते. व्यवस्थापनाने हे एक वाक्य नीट समजून घेतले तरी अर्धे काम होईल.

'आपल्या पोरांची उंची कमी, हा खेळ आपला नव्हे' असेही म्हटले जाते. उंचीचा फायदा असतो, हे कोण नाकारतो? पण फ्री थ्रोच्या रेषेवर उभ्या राहिलेल्या खेळाडूला कोणी अडवत नाही. तिथे कडी तीच, अंतर तेच, चेंडू तोच. रोज दोनशे वेळा चेंडू टाकणारा बुटका मुलगा तिथे उंच मुलाला मागे टाकतो. पासिंग, ड्रिब्लिंग, पायांची चपळाई या सरावाने येणाऱ्या गोष्टी आहेत. आणि सरावासाठी जे लागते ते म्हणजे वेळ. म्हणून आम्ही म्हणतो, प्रश्न उंचीचा नाही, वेळेचा आहे. आणि वेळ कोणाकडे आहे, हा या देशात जातीचा आणि वर्गाचा प्रश्न आहे.

हा खेळ जन्मला १८९१ साली, अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी. त्याच वर्षी महूला बाबासाहेबांचा जन्म झाला. हा योगायोग. पण पुढचा इतिहास योगायोगाचा नाही. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा गोरा संघ १९५९, १९६१ आणि १९६२ या तीन वर्षी आपल्या गटात अव्वल ठरला. तरीही तो राष्ट्रीय स्पर्धेला गेला नाही. का? तर त्या स्पर्धेत काळ्या खेळाडूंशी सामना होईल, आणि ते राज्यातल्या वर्णवर्चस्ववाद्यांना मंजूर नव्हते. १९६३ मध्ये विद्यापीठाने जायचे ठरवले, तेव्हा काहींनी थेट कोर्टातून मनाई हुकूम आणला. हुकूम बजावला जाण्याआधी प्रशिक्षक आणि खेळाडू राज्याबाहेर निसटले. १५ मार्च १९६३ रोजी शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशी सामना झाला. लोयोलाच्या पहिल्या पाचांत चार काळे खेळाडू होते. दोन्ही कर्णधारांनी हस्तांदोलन केले, खेळ झाला, लोयोला ६१-५१ ने जिंकले. आभाळ कोसळले नाही. पुढे १९ मार्च १९६६ रोजी टेक्सास वेस्टर्न कॉलेजने पाचही काळे खेळाडू उतरवून बलाढ्य केंटकीला ७२-६५ असे हरवले आणि राष्ट्रीय विजेतेपद घेतले.

या इतिहासातून आम्ही एक गोष्ट उचलतो. वर्णभेदाने काळ्यांचे नुकसान केलेच, पण तीन वर्षे जिंकूनही घरी बसलेल्या त्या गोऱ्या पोरांचेही केले. भेदाची भिंत बांधणारा स्वतःही तिच्या आतच अडकतो.

आपल्याकडे काय झाले? कोकणातल्या चांभार कुटुंबातले पळवणकर बाळू हे त्या काळचे हिंदुस्थानातले अव्वल गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू झेलत, आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. चेंडूला विटाळ नव्हता, माणसाला होता!

आज कोणी वेगळे भांडे देत नाही, हे खरे. पण कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, हा प्रकार या जिल्ह्याला शिकवायला नको. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळ भरावी लागली, आणि कोर्टातला शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडले. ठराव आणि ओंजळ यांत केवढे अंतर असते, ते तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्याने पाहिले आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने सार्वजनिक वापराच्या जागा सर्वांना खुल्या केल्या. जिमखान्याचे मैदान त्या अर्थाने खुले आहे. त्या मैदानापर्यंतचा रस्ता मात्र अजून करायचा आहे.

कोणी म्हणेल, एवढे काय त्यात? खेळच तर आहे! नाही, मंडळी. हा नोकरीचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय सेवेत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण दिले. १ जुलै २०१६ ला त्याचे नियम सुधारण्यात आले. नुसते कॉलेजच्या संघात नाव असून भागत नाही, वरच्या स्तरावरची कामगिरी लागते. पण वर जाण्याची पहिली पायरी कॉलेजचा संघ हीच आहे. तिथून विद्यापीठाचा संघ, तिथून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, तिथून अखिल भारतीय स्पर्धा. पहिल्या पायरीवरच आमचा मुलगा गळाला, तर पुढच्या जिन्याला अर्थ काय?

यातली कायद्याची बाब आमच्या पोरांनी पाठ करून ठेवावी. खेळाडूंचे आरक्षण हे समांतर आरक्षण आहे. म्हणजे ते अनुसूचित जातीच्या जागांतही आहे आणि खुल्या जागांतही आहे. खुल्या प्रवर्गातली खेळाडूची जागा फक्त खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराची, असे आमच्या मुलांना वर्षानुवर्षे सांगितले गेले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात स्पष्ट केले की खुला प्रवर्ग हा कोणा एका समूहाचा राखीव कोटा नाही. गुणवत्तेवर बसणारा राखीव प्रवर्गातला उमेदवारही समांतर आरक्षणातल्या खुल्या जागेवर हक्क सांगू शकतो. वयाची वा अन्य सवलत घेतली असेल तर त्या भरतीचे नियम तपासावे लागतात, एवढे ध्यानात ठेवावे. पण हा हक्क वापरायला हातात खरे, पडताळणी झालेले क्रीडा प्रमाणपत्र हवे. आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या मुलांपैकी कोणाचे प्रमाणपत्र पावसात भिजलेले असते, कोणाच्या नावात चूक असते, कोणी ते कधी मागितलेलेच नसते. खेळलेला सामना कागदावर नसेल, तर कायद्याच्या लेखी तो झालाच नाही!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, सरावाच्या वेळा दोन ठेवा, सकाळची आणि सायंकाळची, आणि रविवारी सबंध संघाचा सराव घ्या. दोन, बूट, चेंडू, प्रवासभाडे आणि सरावानंतरची अंडी-केळी यांचा खर्च जिमखाना निधीतून करा. जिमखाना शुल्क प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर आकारले जाते, मग त्याचा लाभ मूठभरांनाच का? तीन, निवडीचे निकष आधी लिहून फलकावर लावा आणि निवड झाल्यावर यादीही लावा. ज्याला घेतले नाही त्याला कारण कळले पाहिजे. चार, तालुका क्रीडा संकुलांसाठी शासनाने २०२२ मध्ये अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटींपर्यंत वाढवली. त्या पैशातून पेण आणि रोह्याच्या पोरांना पावसात खेळण्यापुरते छप्पर मिळते की नाही, याचा जाब लोकप्रतिनिधींना विचारला पाहिजे. जिल्हा संकुल अलिबागजवळ नेहुलीला आहे. रोह्याच्या मुलाने रोज तिथे जावे, असे कोणी म्हणणार आहे काय?

यावर उत्तर मिळाले नाही तर मार्ग आहे. अनुदानित महाविद्यालये माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येतात. १० रुपये शुल्क भरून अर्ज करा, जिमखाना निधी किती जमला आणि कशावर खर्च झाला ते विचारा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

आणि दोन शब्द आमच्याच समाजाला. जयंतीला आमच्या वाड्यावाड्यांतून वर्गणी निघते, त्यातली मोठी रक्कम डीजेच्या भिंतींवर उडते. त्यातून चार जोड बूट आणि दोन चेंडू येणार नाहीत काय? विहाराच्या मोकळ्या जागेत एक खांब आणि एक कडी उभी राहणार नाही काय? मुलगा कारखान्यात दोन तास कमी गेला तर घराने ते दोन तास सोसावेत. हीदेखील शिक्षणावरचीच गुंतवणूक आहे. हे आम्ही पुरुष संघाच्या निमित्ताने लिहिले. मुलींच्या वाटेत तर अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचण्याची आणखी एक अट असते, तिचाही विचार याच मंडळींनी करायचा आहे.

युवकांनो, यंदा नोटीस लागेल तेव्हा ती वाचून पुढे जाऊ नका. नाव नोंदवा. अडचण असेल तर ती प्राचार्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. निवड झाली तर प्रत्येक सामन्याचा कागद जपा. नाही झाली तर कारण विचारा. खुल्या मैदानावर जाऊन उभे राहणे ही कोणाची मेहेरबानी नाही, तो तुमचा हक्क आहे.

जय भीम!