काळजीचे फोन

मराठीत काळजी 'करतात' आणि काळजी 'घेतात'. करायला बसल्या जागेवरून उठावं लागत नाही. घ्यायला उठावं लागतं, पिशवी भरावी लागते, पेट्रोलच्या रांगेत उभं राहावं लागतं. आपल्या घराघरांतून करण्याला एवढा मान आहे की, रात्रभर जागून डोळे सुजवून घेणारी बाई मायाळू आणि कागद-पेन घेऊन यादी करत बसणारी दगडाच्या काळजाची, असं आपण ठरवूनच टाकलंय. मला हे मुळीच पटत नाही. आज जरा कडक बोलणार आहे. रागावलात तरी चालेल.

माझी थोरली लेक अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाला असते. २०२४ च्या २६ सप्टेंबरला 'हेलीन' नावाचं वादळ तिकडच्या किनाऱ्याला लागलं. त्यात भिजलेल्या गाद्या, सोफे, कपाटं अजून रस्त्याकडेला पडून होती, तोवर मेक्सिकोच्या आखातात 'मिल्टन' उभं राहिलं. बघता बघता ते पाचव्या श्रेणीला पोचलं. वारा ताशी २८५ किलोमीटरच्या घरात. इकडं आमची दसऱ्याची झाडलोट चालली होती, आणि तिकडं लेकीला घर सोडायचा हुकूम आला.

त्यानंतर अडीच दिवसांत तिला सत्तेचाळीस फोन गेले. बेळगावहून, निपाणीहून, इचलकरंजीहून, पुण्याहून. तिनं नंतर मोजले. सगळ्यांचं विचारणं एकच, "कसं वाटतंय गं? घाबरलीस काय?" घाबरलेल्या माणसाला घाबरलीस काय म्हणून सत्तेचाळीस वेळा विचारायचं, याला माया म्हणतात? बरं, फोन ठेवताना सगळ्यांचं पुन्हा एकच, "काळजी घे हं." अहो, घेऊ द्याल तर घेईल ना ती! एका हातात फोन धरून खिडकीला प्लायवूड कसं ठोकायचं, हे कुणी तरी मला सांगावं.

सत्तेचाळिसांतल्या एकानंही हे विचारलं नाही की, तू कुठल्या झोनमध्ये आहेस. तिथं सगळं त्यावर असतं. प्रत्येक काउंटीनं आपल्या भागाला ए, बी, सी अशी अक्षरं देऊन ठेवलेली असतात, आणि ती वाऱ्यावरून नाही, समुद्राचं पाणी किती आत चढेल त्यावरून. वादळाची पहिली-दुसरी-पाचवी श्रेणी असते ती निव्वळ वाऱ्याची. पाण्याबद्दल ती काहीच सांगत नाही. २००५ साली कॅटरिना किनाऱ्याला लागलं तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीचं होतं. माणसं बुडाली ती पाण्यात. म्हणून तिकडची शिकवण अशी की पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं. आणि पळायचं म्हणजे शेकडो मैल नाही. दहा-वीस मैल आत, उंचावर, पक्क्या घरात गेलं तरी पुष्कळदा भागतं. लेक बी झोनमधली, ती लेकलंडला मैत्रिणीकडं गेली. हे दोन मिनिटांत कळण्यासारखं होतं. पण त्यासाठी विचारावं लागतं, आणि ऐकून घ्यावं लागतं.

दुसरी जात 'काय होत नाही'वाल्यांची. ही बहुतेक पुरुषमंडळी. घरातल्या बाईनं यादी काढली की हे हसणार. आमच्याकडं एका काकांनी जावयाला सल्ला दिला, "मागंही असंच ओरडले होते, कुठं काय झालं? घर सोडलं की चोऱ्या होतात." मागं म्हणजे २०२२ चं 'इयान'. ते टॅम्पावर येणार असा अंदाज होता आणि दक्षिणेला वळलं, हे खरंच. पण वळून गेलं कुठं? फोर्ट मायर्सकडं. फ्लोरिडात त्या वादळानं जवळपास दीडशे माणसं गेली. वादळ आपल्याला चुकतं तेव्हा ते कुणाला तरी सापडलेलं असतं, एवढंही या शहाण्यांच्या ध्यानात येत नाही.

टीव्हीवर ती पांढरी पाचर दाखवतात ना, तिच्यातही असाच घोटाळा. ती पाचर म्हणजे वादळाचा मध्य कुठून कुठून जाऊ शकतो, तेवढंच. पाचरीबाहेर सगळं कुशल, असा तिचा अर्थ नाही. मिल्टन शेवटी थोडं दक्षिणेला सरकून सारासोटाजवळ सिएस्टा की इथं लागलं. आपल्याकडं तेव्हा १० ऑक्टोबरची सकाळचे सहा वाजले होते. टॅम्पाच्या खाडीत पाणी चढण्याऐवजी उलट ओसरलं. लगेच काकांचा मेसेज, "म्हटलं नव्हतं?" पण त्याच वादळानं शेजारच्या सेंट पीटर्सबर्गला अठरा इंचांवर पाऊस पाडला, आणि पार पलीकडच्या किनाऱ्यावर वावटळी उठून म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीत जीव गेले. तीस लाखांवर घरा-दुकानांची वीज गेली. काकांनी हे वाचलेलं नाही.

मी काय केलं? मी तिला दिवसातून दोनच मेसेज पाठवले. बोलले नाही, लिहिलं. नेटवर्क दुबळं असताना बोलणं लागत नाही पण मेसेज जातो, आणि बॅटरीही वाचते. पहिल्यात विचारलं: कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये घातलीस का, रोख पैसे आहेत का (वीज गेली की कार्ड चालत नाही), माणशी रोजचं चार लिटर पाणी भरलंस का, औषधं घेतलीस का. दुसऱ्यात सांगितलं की निघताना पेल्यात पाणी गोठवून त्याच्यावर एक नाणं ठेव आणि पेला फ्रीजरमध्येच सोड. परत आल्यावर नाणं तळाला गेलेलं दिसलं तर समजायचं की मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, आतलं काही खायचं नाही. ही युक्ती तिकडच्याच बायकांची. खायचं विचारावं लागलं नाही. चूल न पेटवता चार दिवस कसे काढायचे हे आपल्या घरच्या मुलींना कुणी शिकवायचं? भाजके पोहे, मेतकूट, दाण्याचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, खाकरे. पिशवी तयारच होती. आणि जनरेटर गॅरेजमध्ये लावू नका म्हणून जावयाला दोनदा बजावलं. वादळातून वाचलेली माणसं त्या धुरानं झोपेत जातात.

आमच्या जाऊबाईंनी घराण्याच्या ग्रुपवर णमोकाराच्या जपाची वाटणी केली. चांगलं केलं. जपाला माझा विरोध नाही, मीही बसले होते. पण दर माळेनंतर लेकीला "तुझ्यासाठी एक माळ झाली" असं कळवायचं कशाला? जप काय तिला पावती देण्यासाठी चाललाय? मी तसं म्हटलं. तेव्हापासून त्या माझ्याशी तुटक बोलतात. बोलोत.

खरा राग मला याचा नाही. टॅम्पाची उपग्रहाची चित्रं तासातासाला बघणाऱ्या या माणसांना आपली दूधगंगा कुठवर आली हे ठाऊक नसतं, याचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, वेदगंगा, घटप्रभा सगळ्याच चढल्या. महामार्ग बंद पडला, गोकाकमध्ये पाणी शिरलं. आपलीच माणसं होती की सदलग्याकडं, शिरोळकडं! त्यांना आदल्या आठवड्यात कुणी विचारलं, की आजींना आमच्याकडं आणून सोडता का? नाही. पाणी आल्यावर मात्र फोनवर फोन, आणि ओसरल्यावर जुन्या कपड्यांची गाठोडी. मी एका छावणीत गेले होते. व्हरांड्यात फाटक्या साड्यांचा ढीग, आणि बायका दबक्या आवाजात पॅड आहेत का विचारत होत्या. एका बाईला पाळी आलेली आणि दोन दिवस ती एकाच जागी बसून होती.

लोक वेळेत का निघत नाहीत, यावर शहरातून फार व्याख्यानं देतात. सदलग्याच्या एका वैनींनी मला कारण एका वाक्यात सांगितलं, "म्हशींना दावणीला सोडून मी कशी येऊ?" ही आडमुठी बाई नाही. कॅटरिनाच्या वेळी तिकडंही माणसं कुत्र्या-मांजरांपायी मागं राहिली. म्हणून २००६ साली अमेरिकेनं कायदाच केला, की संकटात लोकांना हलवायची योजना करताना पाळीव जनावरांचाही विचार झाला पाहिजे. आणि आपण? पाणी गाळून पिणारे, मुंगी वाचवून चालणारे. पांजरपोळाला देणगी देऊन दगडावर नाव कोरून घेतो. मग पावसाळ्याआधी आपल्याच लोकांच्या गुरांसाठी उंचावरची एक जागा, चारा आणि दोन टेम्पो एवढं ठरवून ठेवायला काय अडतं? समाजाच्या मंगल कार्यालयाचं पटांगण जुलै-ऑगस्टमध्ये रिकामंच असतं; चातुर्मासात लग्नं नसतात. मी गेल्या वर्षी हा विषय बैठकीत काढला. शेणानं फरशी खराब होईल, असं उत्तर मिळालं.

यंदाही काढणार आहे. मृगाच्या आधी बैठक आहे. ज्यांना टॅम्पाच्या वेळी झोप लागली नव्हती, त्या सगळ्यांनी यावं. जाऊबाईंनीसुद्धा.