निष्ठेचे तारण

6 जून 2025 रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील संघीय न्यायालयात न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एका तडजोडीवर मंजुरीची मोहोर उमटवली आणि अमेरिकेच्या विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रातील एक जुना दंडक इतिहासजमा झाला. विद्यापीठाकडून खेळणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळेल, खेळण्याचे वेतन मिळणार नाही, हा तो दंडक. आता विद्यापीठे आपल्या क्रीडा-उत्पन्नातील वाटा खेळाडूंना थेट देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर ठरली. शिवाय पूर्वी खेळून गेलेल्यांना भरपाईपोटी दहा वर्षांत सुमारे 280 कोटी डॉलर द्यावयाचे आहेत. हा पैसा आणावयाचा कोठून, हा प्रश्न उभा राहताच विद्यापीठांच्या चाहत्यांमधील जुना वाद नव्या तावाने सुरू झाला आहे.

या वादाकडे आपण लक्ष का द्यावे, असे वाचकांस वाटेल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले अगदी घरगुती आहे. महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांनी कर्ज काढून मुले अमेरिकेत शिकावयास पाठविली आहेत. तेथील अनेक सार्वजनिक विद्यापीठे प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडाविभागासाठी सक्तीचे शुल्क घेतात. व्हर्जिनियातील जेम्स मॅडिसन विद्यापीठात ते वर्षाला दोन हजार डॉलरच्या पुढे गेलेले आहे. मुलाने एकही सामना पाहिला नाही तरी पावतीवर ती रक्कम असतेच. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. लोकांच्या प्रेमावर उभी असलेली संस्था त्या प्रेमाचा हिशेब कसा ठेवते, हा या वादाचा गाभा आहे, आणि लोकवर्गणीवर संस्था चालविणाऱ्या आपल्या समाजाला तो परका नाही.

अमेरिकेतील विद्यापीठाचा चाहता ही काय चीज आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे विद्यापीठाचा क्रीडाविभाग म्हणजे सूचनाफलकावरील एक कागद आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेचा प्रवासभत्ता. तेथे शरद ऋतूतील शनिवारी एका गावची निम्मी वस्ती सामन्याला जाते. मिशिगन विद्यापीठाचे स्टेडियम 1 लाख 7 हजारांहून अधिक प्रेक्षक सामावते. तेथे येणारा मनुष्य बहुधा माजी विद्यार्थी असतो, कित्येकदा त्याचे वडीलही तेथेच शिकलेले असतात. (त्या खेळास ते फुटबॉल म्हणतात, चेंडू बव्हंशी हातात घेऊनच धावतात, ही गोष्ट निराळी.) फुटबॉलच्या दूरचित्रवाणी हक्कांतून येणाऱ्या पैशांवर पोहणे, जिम्नॅस्टिक्स, नौकानयन यांसारखे वीस-पंचवीस खेळ पोसले जातात. त्यामुळे फुटबॉलवरील खर्चाचा वाद हा कधीच एकट्या फुटबॉलचा नसतो.

हा वाद प्रत्यक्षात कसा घडतो, हे पाहावयाचे तर त्याच ओकलंडच्या शेजारी असलेल्या बर्कलेइतके उत्तम उदाहरण नाही. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतून या विद्यापीठाचे नाव प्रयोगशाळा आणि नोबेल पारितोषिके यांसाठी घेतले जाते. तेथील कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियम 1923 साली उघडले. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या कॅलिफोर्नियाच्या सुपुत्रांचे ते स्मारक, आणि ते उभे राहिले लोकवर्गणीतून. दुर्दैव एवढेच की, हेवर्ड प्रस्तरभंग नावाची भूकंपप्रवण भेग बरोबर या मैदानाखालून जाते. जमीन वर्षागणिक किंचित सरकते आणि भिंतींना तडे जातात. दुरुस्ती अपरिहार्य होती, यात संशय नाही. प्रश्न होता तो केवढी, कोणत्या थाटाची आणि कोणाच्या पैशाने.

विद्यापीठाने भव्य योजना आखली. प्रेक्षकांच्या आसनांचे काही भाग भूकंपात स्वतंत्रपणे सरकतील अशा सुट्या खंडांवर बांधले गेले. स्थापत्याच्या दृष्टीने ते काम खरोखर वाखाणण्याजोगे आहे. नूतनीकरणास सुमारे 32 कोटी डॉलर लागले आणि शेजारच्या खेळाडूंच्या प्रशिक्षण केंद्रास सुमारे 15 कोटी. त्या केंद्रासाठी ओक वृक्षांची राई तोडावी लागणार म्हणून डिसेंबर 2006 पासून सप्टेंबर 2008 पर्यंत आंदोलक झाडांवर मुक्काम ठोकून होते आणि बर्कले नगरपालिका न्यायालयात गेली होती. अखेर विद्यापीठ जिंकले, झाडे पडली, काम सुरू झाले. या सर्वांसाठी सुमारे 44 कोटी 50 लाख डॉलरचे कर्ज काढण्यात आले. पहिली कित्येक वर्षे केवळ व्याज, मुद्दलाची फेड 2030 च्या दशकापासून, आणि शेवटचे हप्ते पुढील शतकात! ज्यांचे आजोबाही अद्याप जन्मले नाहीत, त्यांच्या नावे लिहिलेले हे देणे आहे.

फेडीची तरतूद काय होती? येथे चाहता रंगमंचावर येतो. सुमारे तीन हजार उत्तम जागांचा दीर्घ मुदतीचा हक्क विकावयाचा, त्या रकमेची गुंतवणूक करावयाची आणि तिच्या उत्पन्नातून कर्ज भागवावयाचे, अशी ती योजना होती. एका खुर्चीची किंमत जागेप्रमाणे 40 हजारांपासून 2 लाख डॉलरच्याही पुढे. हप्त्यांची सोय होती आणि मध्येच थांबण्याची मुभाही. कागदावर सारे जमत होते. मात्र चाळीस-पन्नास वर्षे चाहत्याचा उत्साह, शेअर बाजार आणि संघाची कामगिरी ही तिन्ही एकाच वेळी उत्तम राहतील, असे त्यात गृहीत धरले होते. 2008 ची मंदी आली. 2012 मध्ये नवे स्टेडियम उघडले आणि 2013 च्या मोसमात संघाने बारापैकी अकरा सामने गमावले. खुर्च्यांची विक्री उद्दिष्टापासून फार दूर राहिली.

आता याच काळात विद्यापीठात दुसरे काय चालले होते, तेही पाहा. कॅलिफोर्निया राज्याची तिजोरी रिती झाली होती. नोव्हेंबर 2009 मध्ये विद्यार्थ्यांचे शुल्क 32 टक्क्यांनी वाढविण्याचा निर्णय झाला. प्राध्यापक आणि कर्मचारी सक्तीच्या बिनपगारी रजांवर होते. त्याच महिन्यात अध्यापकांच्या सभेने क्रीडाविभागास विद्यापीठाच्या निधीतून दिली जाणारी मदत थांबवावी, असा ठराव केला. सप्टेंबर 2010 मध्ये विद्यापीठाने जाहीर केले की, बेसबॉल, पुरुष व महिला जिम्नॅस्टिक्स आणि महिला लॅक्रॉस हे संघ बंद होतील आणि रग्बीचा दर्जा उतरविला जाईल. रग्बी हा तर या विद्यापीठाचा मानबिंदू! राष्ट्रीय विजेतेपदांची रास लावणारा संघ खालच्या पायरीवर आणि डोंगरउतारावर कोट्यवधींचे काँक्रीट, हे दृश्य चाहत्यांना सहन झाले नाही.

चाहत्यांत तेव्हा सरळ तट पडले. एक म्हणे, फुटबॉलवर खर्च केल्यावाचून विजय नाही, विजयावाचून दूरचित्रवाणीचा पैसा नाही आणि त्या पैशावाचून उरलेले खेळही नाहीत. तेव्हा स्टेडियमला नावे ठेवणारे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत आहेत. दुसरा म्हणे, वर्गखोल्या गळत असता क्रीडाविभागाने ऋण काढून सण करू नये. तिसरा तट छोट्या खेळांच्या माजी खेळाडूंचा होता. त्यांचे म्हणणे साधे होते: आमच्या खेळाला नेमके किती लागतात ते सांगा, आम्ही आणतो.

आणि त्यांनी आणले. फेब्रुवारी 2011 मध्ये रग्बी आणि महिलांचे दोन्ही संघ परत आले. त्यामागे देणगीदारांची आश्वासने होती, तसेच महिला खेळाडूंच्या समान संधीविषयीचा 1972 चा कायदाही होता. बेसबॉलसाठी जमलेली रक्कम पुरेशी नाही म्हणून विद्यापीठाने प्रथम नकार दिला. माजी खेळाडू आणि पालक पुन्हा दारोदार फिरले, रक्कम कोटभर डॉलरच्या जवळपास गेली आणि एप्रिलमध्ये निर्णय फिरला. मे महिन्यात पुरुष जिम्नॅस्टिक्सही वाचले. जूनमध्ये हाच बेसबॉल संघ हरत आलेल्या सामन्यात शेवटच्या डावात चार धावा काढून जिंकला आणि ओमाहा येथील राष्ट्रीय अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला. आदल्या वर्षी ज्यांची नावे पाटीवरून पुसली गेली होती, ती ही मुले!

आमच्या मते या सबंध प्रकरणाचा अर्थ या दोन घटना शेजारी ठेवल्यावर उलगडतो. तेच विद्यापीठ, तेच माजी विद्यार्थी, तीच मंदी. खुर्चीच्या योजनेत त्यांना ग्राहक मानले गेले आणि ग्राहकाने ग्राहकासारखेच केले: माल उतरला तसा हात आखडता घेतला. बेसबॉलच्या वेळी त्यांना गरज सांगितली गेली, आकडा सांगितला गेला आणि मुदतही सांगितली गेली. तेथे त्यांनी खिसे उलटे केले, बदल्यात मऊ आसन मागितले नाही. 1923 च्या स्मारकासाठी ज्यांनी वर्गणी दिली, त्यांचेच हे नातू-पणतू. त्यांच्या निष्ठेत खोट नव्हती. प्रशासनाने त्या निष्ठेलाच तारण समजून तिच्यावर कर्ज उचलले, ही चूक झाली. आपल्या गावच्या देवस्थानाच्या विश्वस्तांनी पुढील पन्नास वर्षांच्या दानपेटीचा अंदाज बांधून आजच सभामंडपाचे कर्ज काढावे, त्यातलाच हा प्रकार.

फुटबॉलच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. भेगेवरील जीर्ण स्टेडियम तसेच ठेवणे म्हणजे साठ हजार माणसांच्या जिवाशी खेळ होता. शिवाय खेळाने विद्यापीठास जी ओळख आणि जो एकोपा मिळतो, त्याची किंमत ताळेबंदात मांडता येत नाही. उलट टोकाचे उदाहरणही आहेच. शिकागो विद्यापीठ एकेकाळी फुटबॉलमध्ये अग्रेसर होते. 1939 साली अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी तो संघ सरळ बंद केला. माजी विद्यार्थी हळहळले, विद्यापीठ मात्र खंगले नाही. त्याच्या ओस पडलेल्या स्टेडियमच्या पश्चिम सज्जाखाली 2 डिसेंबर 1942 रोजी जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया घडविण्यात आली. परंतु प्रत्येक विद्यापीठ शिकागो नसते, आणि बर्कलेच्या मागे तर कर्ज होते. शिकागोने स्टेडियम सोडून दिले. कर्जाने उभे केलेले स्टेडियम सोडून देता येत नाही, ते भरतच राहावे लागते.

व्हायचे तेच झाले. 2018 मध्ये विद्यापीठाने भूकंपरोधक कामाशी संबंधित असलेला कर्जाचा मोठा भाग क्रीडाविभागाच्या खात्यातून काढून मुख्य विद्यापीठाच्या माथी घेतला. हिशेबाच्या दृष्टीने त्यात काही तथ्य आहे. इमारतीची सुरक्षितता हे मालकाचे काम. पण चाहत्यांच्या खुर्च्यांतून फिटावयाचे कर्ज अखेर सर्वांच्या पदरात आले, हेही तितकेच खरे.

यापुढची कथा भाऊबंदकीची आहे. लॉस एंजलिसचे यूसीएलए आणि बर्कले ही एकाच सार्वजनिक विद्यापीठ-कुलातील भावंडे. जून 2022 मध्ये यूसीएलएने अधिक दूरचित्रवाणी उत्पन्नासाठी पश्चिम किनाऱ्याची जुनी संघटना सोडून मध्य-पश्चिमेच्या संघटनेत जाण्याचे जाहीर केले. ती जुनी संघटना त्यानंतर कोलमडली. कुलाच्या नियामक मंडळाने 2024 मध्ये यूसीएलएस बजावले की, पहिली तीन वर्षे दरवर्षी 1 कोटी डॉलर धाकट्यास नव्हे, थोरल्यास, म्हणजे बर्कलेस द्यावेत. आणि बर्कले? प्रशांत महासागराच्या काठचे हे विद्यापीठ त्याच वर्षी अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेत दाखल झाले, तेही सुरुवातीची सात वर्षे दूरचित्रवाणी उत्पन्नाचा जेमतेम 30 टक्के वाटा स्वीकारून. महिलांचे व्हॉलीबॉल असो वा सॉफ्टबॉल, संघाने एका साखळी सामन्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकास उडावयाचे आणि परतल्यावर परीक्षेस बसावयाचे. हा निर्णय फुटबॉलच्या करारासाठी झाला. त्याची दगदग सोसणाऱ्या बहुसंख्य मुलामुलींनी फुटबॉलला हातही लावलेला नाही.

जुलै 2025 पासून खेळाडूंना वाटा देण्याची नवी पद्धत सुरू झाली आणि देशभरच्या विद्यापीठांनी पुन्हा त्याच माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरला आहे. बर्कलेच्या चाहत्यासमोर आता स्टेडियमचे कर्ज, तुटपुंजा दूरचित्रवाणी वाटा, प्रवासखर्च आणि खेळाडूंचे मानधन अशी चार खाती एकदम उघडी आहेत. यांपैकी कोणत्या खात्यात त्याचा डॉलर पडेल आणि तो कमी पडल्यास कोणता संघ बंद होईल, हे देणगीपत्रावर छापलेले असावे, अशी मागणी करणाऱ्याला आज तेथे कोणी कोणी संघद्रोही म्हणते. 2011 मध्ये बेसबॉल वाचविणाऱ्यांनी विद्यापीठास नेमके हेच विचारले होते.