गाठ नाही, म्हणून निर्धास्त?

स्तनाचा कर्करोग म्हणजे गाठ, हे समीकरण समाजमनात पक्के बसले आहे. ते खोटे नाही. पण अपुरे आहे आणि या अपुरेपणाची किंमत अनेक घरांना मोजावी लागते.

या रोगाचे एक रूप दाहक कर्करोगाचे. त्यात बहुधा गाठ हाताला लागतच नाही. काही आठवड्यांतच स्तन लाल होतो, सुजतो, ऊन लागतो. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते. अंगावर पाजणाऱ्या मातेला हे दूध साकळल्याचे दुखणे वाटणे स्वाभाविकच. दुसरे रूप पॅजेटच्या विकाराचे. इंग्लंडचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये त्याचे वर्णन केले. स्तनाग्रावर खाज, खपल्या, ओल; दिसायला थेट इसब. मलमाने चार दिवस बरे वाटते, पुन्हा उफाळते आणि महिने निघून जातात. स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव, त्वचेला पडलेली खळी हीदेखील इशाऱ्याचीच चिन्हे होत.

अशी रूपे विरळ आहेत. प्रत्येक सूज वा पुरळ कर्करोगाचे नव्हे. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण उपचारांनी उतार पडत नसताना तेच औषध पुन्हा पुन्हा घेत राहणे घातक आहे. अशा वेळी मॅमोग्राफी निर्दोष आली तरी समाधान मानू नये. तज्ज्ञांकडून तुकडा काढून तपासणी करून घ्यावी.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. आपल्याकडे निदानच उशिरा होते, हे यामागील एक मोठे कारण.

यावर उपाय आवाक्याबाहेरचा नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांमधील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

जे झोपडपट्टीत साधले, ते सुशिक्षित घरांत का साधू नये? आड येतो तो संकोच आणि ‘घरातले सगळे उरकले की माझे पाहू’ ही सवय. हा त्याग नव्हे, स्वतःची उपेक्षा आहे. ती मोडण्याची जबाबदारी एकट्या गृहिणीची नाही. पती, मुले, सुना या साऱ्यांची आहे. घरातील माउलीने ‘जरा वेगळे वाटते’ असे म्हणताच तिला डॉक्टरांकडे नेणे, हेच खरे कुटुंबकर्तव्य.