सरकारकडचा भोंगा

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा असरच्या नमाजला घरून निघाले आणि मशिदीत पोहोचलेच नाहीत. माणसांची नावं ते केव्हाच विसरले होते, पण मशिदीची वाट पायांना पाठ होती. त्या दिवशी पायही विसरले. मगरिबनंतर मशिदीच्या भोंग्यावरून एलान झालं. पोलीस ठाण्यात 'मिसिंग'ची नोंद झाली आणि "नातेवाइकांकडे बघा" असा सल्ला मिळाला. चाचा दुसऱ्या दिवशी लांबच्या एसटी स्टँडवर सापडले. एका चहावाल्याने त्यांना बसवून ठेवलं होतं.

मशिदीचा भोंगा चार गल्ल्यांपुरता. सरकारकडे याहून मोठा भोंगा आहे. २०२३ मध्ये आपल्या मोबाइलवर अचानक जोरात गजर वाजला होता, आठवतं? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. ठरावीक टॉवरांच्या टप्प्यातल्या फोनवर एकाच वेळी निरोप जातो, कुणाचा नंबरही लागत नाही. पुरासाठी, वादळासाठी हे चालतं. मग हरवलेल्या म्हाताऱ्यासाठी का नाही?

दक्षिण कोरियात २०२१ पासून स्मृतिभ्रंशाचा रुग्ण हरवला की त्या भागातल्या फोनवर त्याचं वय, उंची, कपडे यांचा मेसेज येतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत 'सिल्व्हर अलर्ट' आहे. भारतात साठीपुढच्या अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे आणि त्यांचा शोध व्हॉट्सअॅपच्या भरवशावर!

त्याच व्हॉट्सअॅपवर मुलं पळवणाऱ्यांची अफवा फिरली आणि २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या नीमच जिल्ह्यात एका हरवलेल्या, धड उत्तर देऊ न शकणाऱ्या वृद्धाला 'मोहम्मद' आहेस का, असं विचारत मारहाण झाली. ते गेले. ते जैन होते. मुसलमान असते तर ती मारहाण योग्य ठरली असती का? ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याच्यावर जमाव आपल्या मनातलं नाव लादतो. त्याआधी पोलिसांचा निरोप पोहोचला पाहिजे: हे कुणाचे तरी वडील आहेत, यांना बसवून ठेवा.

रोज गजर वाजला तर लोक फोन बंद करतील, असं कुणी म्हणेल. मग पोलिसांनी खात्री करून, आजाराचा कागद पाहून, एकदोन तालुक्यांपुरताच वाजवावा. धर्म, पत्ता काही नको. फोटोची लिंक, कपडे आणि ठाण्याचा नंबर पुरे.

यंत्रणा तयार आहे, गृहखात्याचा एक आदेश हवा आहे. भोंगे उतरवण्यासाठी आपल्याकडे एवढं राजकारण झालं. हा एक भोंगा वाजवण्यासाठीही कुणीतरी आवाज चढवावा.