बुरूज कोसळतो तेव्हा

२६ डिसेंबर २००४. रविवार होता, नाताळचा दुसरा दिवस. सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी झालेल्या भूकंपाने उठलेल्या लाटा त्या सकाळी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या आणि एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. वेलांकणी याच जिल्ह्यात आहे. मुंबई, वसई, गोवा इथून कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे तिथल्या मातेच्या दर्शनाला जातात. नवस बोलणारे हिंदूही जातात. त्या सकाळी नाताळसाठी आलेले यात्रेकरू किनाऱ्यावर आणि दुकानांच्या रांगांतून फिरत होते. त्यांतले शेकडो बुडाले. चर्चमध्ये मात्र पाणी शिरले नाही. जे आत होते, ते वाचले.

दुसऱ्या दिवसापासून 'चमत्कार' हा शब्द सुरू झाला. जे वाचले त्यांनी तो उच्चारावा, त्यात गैर काही नाही. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाच्या तोंडून कृतज्ञतेचा शब्द निघणारच. पण किनाऱ्यावर गेलेली माणसेही त्याच मातेच्या दर्शनाला आली होती. कुणी मिस्सा ऐकून नुकतेच बाहेर पडले असेल, कुणी लेकराला समुद्र दाखवायला नेले असेल. ज्याचे लेकरू गेले त्याने या चमत्काराचे काय करायचे? आपल्या मुलाला वाचवण्याइतकी आपली प्रार्थना मोठी नव्हती, असे समजायचे का?

हे लिहिणारा ख्रिस्ती नाही. पण निम्मे आयुष्य कादंबऱ्या लिहिण्यात आणि उरलेले बँकेत गेल्यामुळे, माणसावर अचानक काही कोसळले की तो काय बोलतो आणि भोवतालची माणसे त्याच्याशी काय बोलतात, याकडे माझे लक्ष असते. त्या निमित्ताने बायबल पुन्हापुन्हा वाचणे झाले. त्यात मला जे आढळले ते मी ऐकत आलो होतो त्याहून बरेच वेगळे होते.

लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात एक छोटासा प्रसंग आहे. यरुशलेममध्ये शिलोह येथे एक बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. आजच्या भाषेत सांगायचे तर इमारत पडली. अशा वेळी लोक जे बोलतात तेच तेव्हाही बोलत असणार. या अठरा जणांनी काहीतरी पाप केलेले असणार, त्याशिवाय नेमके त्यांच्यावरच कसे कोसळेल? येशू स्वतःच तो प्रश्न काढतो आणि साफ नाही म्हणतो. मेलेले इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक पापी नव्हते. पश्चात्ताप करा, हे तो पुढे सांगतोच. पण ते जिवंतांना सांगतो, मेलेल्यांच्या नावावर काही चढवत नाही. बुरूज का पडला, याचे कारणही तो देत नाही. जन्मांध माणसाच्या गोष्टीतही तेच. हा कुणाच्या पापाने आंधळा झाला, ह्याच्या की ह्याच्या आईबापांच्या, असे शिष्य विचारतात. उत्तर मिळते, कुणाच्याच नाही.

आपल्याकडे 'गेल्या जन्मीचे भोग' म्हणून प्रश्न मिटवण्याची सवय आहे. ख्रिस्ती घरांतून 'देव परीक्षा पाहतो' असे म्हणून तो मिटवला जातो. दोन्हीकडे घाई सारखीच. ज्याच्या घरात प्रेत आहे त्याला या घाईचा किती त्रास होतो, हे जुन्या करारातल्या ईयोबाच्या ग्रंथाने फार पूर्वी लिहून ठेवले आहे. ईयोबाची गुरेढोरे गेली, दहा मुले एका दिवसात गेली, शेवटी अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. माझ्या मते त्या तिघांच्या हातून झालेले सगळ्यात मोठे पुण्यकर्म तेवढेच. पुढे ते बोलू लागतात आणि सगळे बिघडते. पाप केल्याशिवाय शिक्षा होत नाही, तेव्हा तू कबूल कर, हाच त्यांचा सूर. ईयोब चिडतो, देवाला जाब विचारतो, आपण जन्मलोच नसतो तर बरे झाले असते असे म्हणतो. आणि ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, त्या तिघा धार्मिक मित्रांवर! देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांनाच देव चूक ठरवतो, असा दुसरा धर्मग्रंथ निदान माझ्या वाचनात नाही.

बँकेत असताना ईयोबाचे हे मित्र मला काउंटरच्या अलीकडे-पलीकडे नेहमी भेटत. काही वर्षे माझी नेमणूक वसईच्या एका शाखेत होती. मृत खातेदाराचा दावा घेऊन येणारी बाई लांबून ओळखू येते. पासबुक, मृत्यूचा दाखला, त्याच्या पाच-सहा प्रती, सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी धरलेले असते. अशीच एक ख्रिस्ती बाई आली होती. नवरा गवंडीकाम करायचा, परांचीवरून पडून गेला होता. वय असेल तिशीचे. रांगेतल्या ओळखीच्या बायका तिला समजावत होत्या. एक म्हणाली, देवाला चांगली माणसंच हवी असतात. दुसरी म्हणाली, यातही त्याची काही योजना असेल. ती मान हलवत होती. तिच्याबरोबर तिच्या गावच्या चर्चचे फादर आले होते. ते काहीच बोलत नव्हते. माझ्यासमोर बसून तिचा अर्ज भरून देत होते आणि सही कुठे करायची तेवढे बोटाने दाखवत होते. काम संपल्यावर ते शिक्का आणायला पलीकडच्या टेबलाकडे गेले, तेव्हा ती मला म्हणाली, "साहेब, फादर रोज घरी येतात. पण असं का झालं, ते एकदाही सांगत नाहीत. म्हणूनच मी त्यांना येऊ देते."

धर्मशास्त्रावरची थोडीफार पुस्तके मी नंतर वाचली. या वाक्याच्या पुढे फारसा गेलो असे वाटत नाही.

पुस्तकांचा विषय निघाला म्हणून सी. एस. लुईस या इंग्रज लेखकाचे उदाहरण सांगतो. देव असताना दुःख का, या प्रश्नावर त्याने १९४० साली एक पुस्तक लिहिले. तर्कशुद्ध, नेटके, ख्रिस्ती जगात गाजलेले. उतारवयात त्याने जॉय डेव्हिडमन हिच्याशी लग्न केले आणि १९६० साली ती कर्करोगाने गेली. त्या दिवसांत त्याने वह्यांतून जे लिहिले त्यात नेटकेपणा नावाला नाही. दार ठोठावावे आणि आतून कडी सरकवल्याचा आवाज यावा, असे देवाबद्दल त्याला वाटते, आणि ते तो लपवत नाही. १९६१ मध्ये ते छापले तेही टोपणनावाने. सांगतात की लेखक कोण हे ठाऊक नसलेल्या काही मित्रांनी दुःखावर उतारा म्हणून ते पुस्तक त्यालाच भेट दिले! विनोद बाजूला ठेवू. लुईसची श्रद्धा पुढे टिकली, पण पहिल्या पुस्तकातल्या युक्तिवादांच्या आधाराने ती टिकलेली दिसत नाही. आधी त्याला चिडता आले. ख्रिस्ती परंपरेने त्यासाठी जागाही राखून ठेवली आहे. स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावरच संपते, शेवटी दिलाशाची ओळ नाही. आणि क्रुसावरचा येशूसुद्धा देवाने आपल्याला का टाकले, हेच ओरडून विचारतो.

या चिडण्याच्या पलीकडची एक गोष्ट आपल्या देशात घडली. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातल्या मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि धाकटा टिमोथी, गाडीत झोपलेली असताना जमावाने गाडी पेटवून दिली. तिघेही जळून गेले. मयूरभंज जिल्ह्यात कुष्ठरोग्यांमध्ये स्टेन्स यांनी तीसहून अधिक वर्षे काम केले होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि देश चकित झाला. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्या मुलीला घेऊन तिथेच राहिल्या, पाच वर्षे कुष्ठरोग्यांचे काम पाहिले, आणि मगच २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाला परतल्या. दुसऱ्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. क्षमा केली म्हणून खटला मागे घेतला गेला नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०११ मध्ये प्रमुख आरोपीची जन्मठेप कायम झाली. क्षमा आणि न्याय यांची गल्लत ग्लॅडिसबाईंनी केली नाही, ती आपण वर्तमानपत्रवाल्यांनी केली. त्यांच्याकडे बोट दाखवून प्रत्येक दुखावलेल्या माणसाला 'बघा, अशी क्षमा करावी' असे सांगणेही बरे नव्हे. क्षमा ज्याची त्याने करायची असते.

आता आपल्या मातीतल्या दोन बायका. लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत एक गोष्ट आपण विसरतो. त्यांच्या आयुष्यावर जो बुरूज कोसळला तो ख्रिस्ती धर्माचाच होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई नवरा जिवंत असून त्याला पारख्या झाल्या. पदरी लहानगा दत्तू, माहेर-सासर सोवळ्या-ओवळ्यातले, डोके फिरेल की काय अशी अवस्था. पंढरपुरात काढलेले ते दिवस 'स्मृतिचित्रे'मध्ये आहेत. गंमत अशी की, पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावर आणि अनेक वर्षांनी ते लिहिताना, त्या आघाताला त्यांनी कुठेही देवाच्या योजनेचा मुलामा दिलेला नाही. दुखले ते दुखले म्हणून लिहिले, आणि हसू आले तिथे हसल्या. नवऱ्याकडे परत गेल्यावरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नावर एका रात्री त्यांचे मन स्वतःशीच भांडले, निकाल लागला, आणि मग कुणाच्याही हातचे पाणी पिण्यापासून सुरुवात झाली. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या बाईने ते पुढे लिहायला घेतले.

आणि पंडिता रमाबाई. १८७४ च्या आसपास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली. पुराण सांगणारे, अनेक तीर्थे पायी केलेले हे घराणे. देवाकडे मागण्यात त्यांनी काही कमी केले नव्हते. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पुढे चालत राहिली. पंजाबात थंडीने जीव जायची वेळ आली, तेव्हा खड्डे खणून, त्यात शिरून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी थंडीपासून बचाव केला. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. वय तेव्हा अवघे तेवीस.

रमाबाई या दुःखांमुळे ख्रिस्ती झाल्या, असे सरळ गणित मांडले जाते. ते मला पटत नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्या मठातल्या सिस्टरांशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर इतक्या तावातावाने पत्रोपत्री भांडल्या, की दुःखाने मऊ झालेली बाई ही नव्हे, हे पान वाचता वाचता कळते. त्यांच्या श्रद्धेने दुष्काळाचे कारण शोधले नाही. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांतूनच केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. भुकेने माणूस कसा मरतो, हे त्यांनी घरात पाहिले होते. आश्रयाला आलेल्या मुलींच्या धर्मांतराबद्दल त्यांच्यावर टीका झाली. शारदासदनाच्या वादात १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही दूर झाले. ती टीका सगळीच दुष्टाव्याची नव्हती. निराधार मुलीला 'नाही' म्हणायला किती जागा असते, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे. पण ते विचारणाऱ्यांपैकी त्या दुष्काळी गावांतून किती जण गेले होते, हेही विचारावे लागते.

शेवटचा आघात उरलाच होता. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईचे काम पुढे चालवायचे ते तिनेच, असे ठरलेले. रमाबाईंचे वय तेव्हा त्रेसष्ट होते आणि ऐकू जवळजवळ येत नव्हते. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, बायकापोरांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे त्यांचे काम कित्येक वर्षे चालले होते. ते त्यांनी थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. केडगावच्या छापखान्यात आश्रमातल्या बायकांनीच खिळे जुळवले, आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर पडले. त्यात ईयोबाचे भांडण आहे, शिलोहाचा बुरूज आहे, आणि अंधारात संपणारे ८८ वे स्तोत्रही आहे.