गावाच्या मधोमध मोठं कॉम्प्लेक्स झालं की शहर सुधारतं का? चंद्रपूरच्या जुन्या बाजाराचं गणित समजून घ्या

जटपुरा गेटमधून संध्याकाळी सहा वाजता गाडी काढून बघा. मागून हॉर्न, पुढे ऑटो, बाजूला भाजीची गाडी. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, "हे सगळं पाडून एक मस्त मोठं कॉम्प्लेक्स बांधा. खाली पार्किंग, वर दुकानं. विषय संपला."

चंद्रपूर असो, गडचिरोली असो की आणखी कुठलं शहर, हा उपाय ऐकायला सोपा वाटतो. नवी इमारत येईल, ब्रँड येतील, पालिकेला भाडं मिळेल आणि मरगळलेला जुना भाग पुन्हा जिवंत होईल. पण असं खरंच होतं का?

आधी आपल्या शेजारचं उदाहरण बघू.

नागपूरच्या एम्प्रेस मिलचं काय झालं?

जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. विदर्भाचा कापूस आणि रेल्वे एकाच ठिकाणी मिळत असल्यामुळे त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं होतं. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ या मिलने शहरातली हजारो घरं चालवली. 1986 मध्ये ती सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये बंद पडली.

गांधीसागर तलावाजवळची ही मोक्याची जागा. तिथे मॉल उभा राहिला आणि नागपूरकरांनी तो उत्साहाने बघितला. पण 2019 मध्ये ईडीने बँक कर्जाच्या एका प्रकरणात सुमारे 483 कोटी रुपये किमतीच्या याच मॉलवर तात्पुरती जप्ती आणली.

त्या प्रकरणात कोण दोषी, हे न्यायालय ठरवेल. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. शहराच्या मधली जागा एका मोठ्या इमारतीत आणि एका मालकाच्या हाती गेली, की तिचं भवितव्य त्याच्या कर्जाला बांधलं जातं. दोनशे छोटे दुकानदार असतील तर त्यातले दहा बुडाले तरी बाजार चालू राहतो. मालक एकच असेल आणि तोच अडचणीत आला, तर अख्खा बाजार अडचणीत येतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात 1970 च्या दशकात ब्रॉडमार्श नावाचं प्रचंड शॉपिंग सेंटर बांधलं गेलं. त्यासाठी ड्रुरी हिल नावाची मध्ययुगीन गल्ली पाडली. पुढे हे सेंटरही जुनं झालं, म्हणून 2019 मध्ये त्याचीच तोडफोड करून नूतनीकरण सुरू झालं. जून 2020 मध्ये ते काम करणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. शहराच्या मधोमध अर्धवट पाडलेला सांगाडा उरला आणि तो निस्तरायची जबाबदारी आली नगर परिषदेवर. त्यातल्या एका भागावर बाग झाली, ती 2024 मध्ये लोकांसाठी उघडली.

म्हणजे फायदा होईल तेव्हा तो कंपनीचा, आणि फसलं की डोकेदुखी शहराची.

मग छोट्या दुकानदाराचं गणित कुठे बिघडतं?

अशी संकुलं बऱ्याचदा 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीने होतात. जमीन पालिकेची आणि बांधकाम बिल्डरचं. त्या बदल्यात बिल्डरला ठरावीक वर्षं गाळे देण्याचा हक्क मिळतो. त्याचा खर्च निघणार तळमजल्यावरच्या रस्त्याकडच्या गाळ्यांतून. त्यामुळे जुन्या दुकानदारांना मागची बाजू, तळघर किंवा वरचा मजला मिळण्याची भीती असते. आणि अर्धा किलो वांग्यांसाठी कुणी दुसऱ्या मजल्यावर चढत नाही.

एक कल्पित हिशेब करू. समजा, ओट्यावर बसणारी भाजीवाली रोज 20 रुपये देते, म्हणजे महिन्याला 600. नव्या गाळ्याचं भाडं आणि मेंटेनन्स मिळून 5,000 झालं, तर महिन्याला 4,400 रुपये जास्त लागतील. शंभराच्या विक्रीत तिला 20 रुपये सुटत असतील, तर फक्त हा वाढीव खर्च भरायला तिला रोज सुमारे 730 रुपयांची जादा विक्री करावी लागेल. गिऱ्हाईक मात्र तेवढंच आहे.

शिवाय बांधकामाची वर्षं असतात. तेवढ्या काळात गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं आणि एकदा वळलेलं गिऱ्हाईक सहज परत येत नाही.

यात गावाकडून येणाऱ्यांचाही विचार करा. पावसाळ्यात वास्ते आणि सात्या, उन्हाळ्यात मोहफुलं आणि चारोळी घेऊन येणाऱ्या बाईला वर्षभराचा गाळा नकोच असतो. तिला सकाळचे चार तास, सावली, पाणी आणि संडास हवा असतो. कॉम्प्लेक्सच्या नकाशात तिची जागाच नसते.

कायदा काय म्हणतो?

दोन कायदे लक्षात ठेवा.

पहिला, 2014 चा पथविक्रेता कायदा. यानुसार विक्रेत्यांचं सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना हटवता येत नाही. शहर फेरीविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार हा वारसा बाजार मानून तिथल्या पथविक्रेत्यांना हलवू नये, अशीही तरतूद आहे.

दुसरा, पुरातत्त्वाचा कायदा. चंद्रपूरच्या जुन्या शहराभोवती गोंड राजांनी बांधलेला सुमारे 11 किलोमीटरचा परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे. हा किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. 2010 च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये आधी परवानगी लागते. म्हणजे परकोटाच्या आत मोठी इमारत उभी करायला जागा राहते ती प्रामुख्याने मधल्या, म्हणजे सगळ्यात गजबजलेल्या भागातच.

दुसरा रस्ता आहे का?

आहे, आणि त्याचा एक तुकडा चंद्रपूरनेच करून दाखवला आहे. 2017 मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी परकोट आणि बुरूज साफ करायला घेतले. झुडपं आणि कचरा हटवला. त्याचा उल्लेख पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही झाला. एकही गाळा न बांधता लोक पुन्हा त्या भिंतीकडे बघू लागले.

बाजाराचंही तसंच करता येतं. छप्पर दुरुस्त करा, नाल्या झाका, वीज आणि आगीची सोय करा, ओटे उंच करा. पार्किंग परकोटाबाहेर ठेवून आतल्या गल्ल्या ठरावीक वेळेत चालणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवा. ताडोब्याला येणाऱ्या पर्यटकाला शहरात थांबायला कारण लागतं. एसीतला मॉल त्याच्या गावातही असतो. गोंडकालीन वेशीतला बाजार त्याला इथेच मिळेल.

याचा अर्थ नवीन काही बांधूच नये असा नाही. गोल बाजारासारख्या जुन्या बाजारात गैरसोय खरी आहे, आगीचा धोकाही खरा आहे. पण तुमच्या शहरात असा प्रकल्प जाहीर झाला, तर निविदा निघायच्या आधी चार प्रश्न विचारा.

आज इथे पोट भरणाऱ्यांची यादी झाली आहे का? त्यात ओटेवाले आणि हंगामी विक्रेते आहेत का?

त्यांना कोणत्या मजल्यावर, किती भाड्यात जागा मिळणार, हे लेखी आहे का?

बांधकामाच्या काळात ते कुठे बसणार?

आणि बिल्डर मध्येच थांबला, तर जागा किती दिवसांत पालिकेकडे परत येणार?

चंद्रपूर महापालिकेची मुदत 2022 मध्ये संपल्यावर काही वर्षं कारभार प्रशासकाकडेच होता, तेव्हा हे विचारायला हक्काचा नगरसेवकही नव्हता. म्हणून हरकती-सूचनांची जाहिरात आली की ती नुसती फॉरवर्ड करू नका. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. एकदा जुना बाजार पाडला की हे प्रश्न विचारून काही उपयोग नसतो.